नाका कोणाच्या हातात? व्यापारी मार्गांवरून महासत्ता का भांडतात

बातम्यांत हल्ली नकाशे फार दिसतात. मुंबईहून आखातामार्गे युरोपात जाणारी एक निळी रेघ, चीनमधून पाकिस्तान ओलांडून समुद्र गाठणारी लाल रेघ, इराणमधून रशियाकडे चढणारी तिसरी. नावं तर विचारूच नका: बीआरआय, सीपेक, आयमेक, आयएनएसटीसी. चाटी गल्लीतला कापडवाला असो की सांगोल्याचा डाळिंब बागायतदार, दोघांचाही प्रश्न एकच असतो. हे शेवटी माल इकडून तिकडे न्यायचे रस्तेच ना? मग त्यावरून अमेरिका, चीन, रशिया यांनी इतकं तापायचं कारण काय?

कारण आपल्या सोलापूर जिल्ह्यातच सापडतं.

कुर्डुवाडीला माल का उतरायचा

१८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिच्या रुळांची रुंदी अडीच फूट, तर मुंबई-रायचूर मुख्य मार्गाची साडेपाच फूट. बार्शीकडचा कापूस, धान्य घेऊन आलेली छोटी गाडी मोठ्या रुळांवर चढू शकत नव्हती. त्यामुळे कुर्डुवाडीला सगळा माल उतरवायचा आणि पलीकडे उभ्या असलेल्या वाघिणींत पुन्हा भरायचा. हमालांना काम मिळालं, गोदामांना भाडं, मुकादमाला वट. कोणाचा माल आधी चढणार नि कोणाचा उद्यापर्यंत पडून राहणार, हे ठरवणाऱ्याला व्यापारी नमस्कार घालत. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात रूळ रुंद झाले, गाड्या थेट धावू लागल्या आणि उतरवण्या-चढवण्याचं ते कामच उरलं नाही.

माल जिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही, तिथे पैसाही थांबतो आणि अधिकारही. मोठ्या देशांना अशी जागा आपल्या हातात हवी असते, आणि दुसऱ्याच्या हातातली जागा आपल्या मालाला टाळता आली तर आणखीच हवी असते. पुढे मी अशा जागेला ‘नाका’ म्हणेन. ‘कॉरिडॉर’ म्हणजे बंदर, रेल्वे, रस्ता, गोदामं, पाइपलाइन, इंटरनेटची केबल आणि सीमेवरचे कागदपत्रांचे नियम हे सगळं एका सुतात ओवलेला मार्ग. एवढे दोन शब्द पुरेत.

रुळांचा हा घोळ जगात आजही चालू आहे. चीनच्या रेल्वेची रुंदी १४३५ मिलिमीटर, कझाकस्तान आणि रशियाची १५२० मिलिमीटर. फरक जेमतेम चार बोटांचा. पण तेवढ्यासाठी चीन-कझाकस्तान सीमेवर खोर्गोस इथे भल्यामोठ्या क्रेन उभ्या कराव्या लागल्या. चीनमधून आलेल्या गाडीवरचे कंटेनर उचलून शेजारच्या गाडीवर ठेवायचे. युरोपच्या हद्दीत शिरताना रुंदी परत बदलते, म्हणजे पुन्हा तोच खटाटोप.

आधी नको, मग हवाच: सुएझचा किस्सा

हे भांडण चीनपासून सुरू झालं, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. सुएझ कालव्याची गोष्ट नीट पाहिली तर आजचा निम्मा पेच तिथेच कळतो.

फर्डिनांड द लेसेप्स या फ्रेंच माणसाने हा कालवा खोदायला घेतला तेव्हा ब्रिटनचा त्याला कडाडून विरोध होता. आफ्रिकेला वळसा घालून जाणारा लांबचा समुद्रमार्ग त्यांच्या आरमाराच्या ताब्यात होता. नवा जवळचा रस्ता फ्रेंचांच्या वजनाखाली गेला तर त्या ताब्याला काय किंमत राहणार? तरीही १८६९ मध्ये कालवा खुला झाला आणि थोड्याच काळात त्याचा सर्वात जास्त वापर ब्रिटिश जहाजंच करू लागली. १८७५ मध्ये इजिप्तचा सत्ताधीश कर्जात बुडालेला पाहून पंतप्रधान डिझरायली यांनी त्याचे शेअर ४० लाख पौंडांना विकत घेतले. सात वर्षांनी, १८८२ मध्ये, ब्रिटिश फौजा इजिप्तमध्ये उतरल्या आणि पुढची सत्तरहून अधिक वर्षं तिथे राहिल्या.

विरोध, मग खरेदी, मग फौज. कर्जबाजारी देशाची मालमत्ता विकत घेऊन नाक्यावर बसण्याची युक्ती आज चीनच्या नावावर खपवली जाते, पण तिचे मूळ मानकरी दुसरेच.

सोलापूर या साखळीच्या बाहेर नव्हतं. रेल्वे इथे १८६० मध्ये आली आणि नऊ वर्षांत सुएझ खुला झाला. दख्खनचा कापूस मुंबई गाठून कमी दिवसांत विलायतेला जाऊ लागला आणि तिकडचं यंत्राचं कापड तितक्याच लवकर इकडे येऊ लागलं. जुनी गिरणी उभी राहिली ती याच सुमाराला, १८७० च्या दशकात.

किस्सा इथे संपत नाही. २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. त्यावर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांनी मिळून हल्ला चढवला. लढाईत ते मागे नव्हते, पण अमेरिकेने पौंड अडचणीत आणला, मदतीचा हात आखडता घेतला आणि वर्ष संपायच्या आत ब्रिटिश-फ्रेंच फौजा निघून गेल्या. जगाचा कारभार आता कोणाच्या इशाऱ्यावर चालतो, हे त्या दिवसांत सगळ्यांना दिसलं. त्यासाठी अमेरिकेला कालव्यावर एक गोळीही झाडावी लागली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे इराणच्या चाबहार बंदराच्या वेळी लागेल.

चीनला एवढी घाई कशाची?

भीतीपोटी. चीनला लागणाऱ्या तेलाचा मोठा हिस्सा मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. मलेशिया आणि इंडोनेशियाच्या मधली ही पट्टी सिंगापूरजवळ तीन किलोमीटरपेक्षाही अरुंद होते. युद्ध पेटलं आणि अमेरिकी आरमाराने तिथे ठाण मांडलं तर चीनचे कारखाने बसतील. २००३ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष हू जिंताओ यांनी हा पेच बोलून दाखवला होता. मलाक्काच्या वाटेवर आपली अंदमान-निकोबार बेटं आहेत, हेही चीनच्या नजरेआड झालेलं नाही.

२०१३ मध्ये शी जिनपिंग यांनी कझाकस्तानात आणि नंतर इंडोनेशियात भाषणं करून ‘बेल्ट अँड रोड’ (बीआरआय) जाहीर केलं. ‘बेल्ट’ म्हणजे जमिनीवरचे मार्ग आणि ‘रोड’ म्हणजे समुद्रातले, असा उलटा प्रकार आहे, त्याने गोंधळू नका. तेव्हा चीनकडे पोलाद आणि सिमेंट जरुरीपेक्षा जास्त होतं, बांधकाम कंपन्या रिकाम्या बसल्या होत्या आणि डॉलरची गंगाजळी तुडुंब होती. कर्ज आपलं, ठेकेदार आपला, पोलाद आपलं आणि नाक्यावर वजनही आपलं, असा तो हिशोब.

आपल्याला खुपतो तो त्यातला सीपेक, म्हणजे चीन-पाकिस्तान कॉरिडॉर. २०१५ मध्ये ४६ अब्ज डॉलरचा म्हणून जाहीर झालेला हा मार्ग गिलगिट-बाल्टिस्तानातून जातो. तो भाग आपला आहे आणि पाकिस्तानच्या ताब्यात आहे. म्हणून २०१७ मध्ये बीजिंगला भरलेल्या बेल्ट अँड रोडच्या बैठकीला भारत गेला नाही. पाकिस्तानच्या ग्वादर बंदरातून तेल थेट चीनमध्ये नेऊन मलाक्का टाळायची, ही त्यामागची कल्पना ऐकायला झकास आहे. पण वाटेत खुंजेराबची खिंड येते, ४,६०० मीटरहून उंच, हिवाळ्यात बर्फाने भरलेली. माझ्या मते ग्वादरचा उपयोग तेलापेक्षा अरबी समुद्रात पाय ठेवायला जागा म्हणून जास्त आहे. मलाक्का खरोखर थोडीफार टळते ती म्यानमारमधून चीनच्या युनान प्रांतात जाणाऱ्या तेल आणि गॅसच्या पाइपलाइनींनी. त्यांची चर्चा मात्र कोणी करत नाही.

“कर्ज देऊन बंदर हडपलं” हे खरं का?

श्रीलंकेच्या हंबनटोटाचं उदाहरण व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी वाचलेलं असतं. श्रीलंकेला कर्ज फेडता आलं नाही म्हणून चीनने बंदर घेतलं, अशी ती कथा. घडलं ते जरा वेगळं. चिनी कर्जावर बांधलेलं हे बंदर धंदा करत नव्हतं. २०१७ मध्ये श्रीलंकेने ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीला दिलं आणि त्याचे ११२ कोटी डॉलर घेतले. त्या पैशातून बंदराचं कर्ज फिटलं नाही. ते कर्ज तसंच राहिलं आणि डॉलर गेले परकीय चलनाची तूट भरायला. २०२२ मध्ये श्रीलंका दिवाळखोरीत गेली तेव्हाही तिचं सर्वात मोठं बाहेरचं देणं चीनचं नव्हतं, आंतरराष्ट्रीय रोखेबाजाराचं होतं.

मग चीन निर्दोष? तसंही नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताने हरकत घेऊनही ‘युआन वांग ५’ हे चिनी टेहळणी जहाज हंबनटोटात येऊन लागलं. ज्याच्या हातात धक्का, त्याचं जहाज परत पाठवणं जड जातं. ग्रीसचंही तसंच. कर्जसंकटात असताना २०१६ मध्ये त्याने पिरियस बंदरातला मोठा हिस्सा चिनी सरकारी कंपनी कॉस्कोला विकला. पुढच्याच वर्षी चीनमधल्या मानवी हक्कांवर युरोपीय संघाने करायचं निवेदन ग्रीसने अडवलं. एकामुळेच दुसरं घडलं, असा पुरावा कोणी कोर्टात ठेवू शकणार नाही. पण व्यवहार कळणाऱ्या माणसाला पुरावा लागतोच असं नाही.

चाबहार: बंदर आपलं, किल्ली वॉशिंग्टनला

पाकिस्तान आपल्या मालाला जमिनीवरून अफगाणिस्तानात जाऊ देत नाही. म्हणून ग्वादरच्या शेजारीच, इराणच्या किनाऱ्यावर, भारताने चाबहार हाती घेतलं. २०१७ मध्ये तिथून अफगाणिस्तानला गहू गेला. २०१८ च्या अखेरीस एक धक्का भारतीय कंपनीने चालवायला घेतला आणि मे २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. इराणमधून रशियाकडे जाणारा उत्तर-दक्षिण कॉरिडॉर (आयएनएसटीसी) २००० सालीच ठरला होता. लांबी साधारण ७,२०० किलोमीटर. त्यातला इराणमधला रश्त-अस्तारा हा अवघा १६२ किलोमीटरचा रेल्वेतुकडा इतकी वर्षं अडून राहिला आणि त्यासाठी रशिया-इराण करार व्हायला २०२३ साल उजाडलं.

खरी अडचण मात्र रुळांची नाही. इराणवर अमेरिकेचे निर्बंध आहेत. चाबहारला २०१८ मध्ये त्यातून सूट मिळाली, सप्टेंबर २०२५ मध्ये ती काढून घेतली आणि लगेच सहा महिन्यांसाठी पुन्हा दिली. अशा ठिकाणी क्रेन विकणारी कंपनी बिचकते, बँक पैसे वळते करायला नकार देते, विमा कंपनी फोन उचलत नाही. धक्क्यावर पाणी खोल आहे, जहाज उभं आहे आणि तरी माल हलत नाही. १९५६ मध्ये पौंडावर जे अस्त्र चाललं, तेच आता डॉलरच्या रूपात चालतं. माढा-करमाळ्याकडून केळी आखातात आणि इराणात पाठवणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. माल पोचतो, पैसे कुठल्या वाटेने यायचे इथे गाडी अडते.

आयमेक: टॉवेलचा कंटेनर किती वेळा उचलायचा?

९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉर, म्हणजे आयमेक, जाहीर झाला. भारत, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, युरोपीय संघ, फ्रान्स, जर्मनी आणि इटली यांनी त्यावर सह्या केल्या. बेल्ट अँड रोडला दिलेलं हे उत्तर आहे, असं उघडपणे बोललं गेलं. इटलीने तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेल्ट अँड रोड सोडलं. भारत-युरोप व्यापार यामुळे ४० टक्क्यांनी वेगवान होईल, असं युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन म्हणाल्या.

हा दावा जरा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून पाहू. टेरी टॉवेलचे खोके कारखान्यातच कंटेनरमध्ये भरले, सील लागलं, ट्रेलर रात्रीत न्हावा शेवाच्या वाटेला लागला. एरवी हा कंटेनर जहाजावर चढतो, सुएझमधून जातो आणि सरळ गेला तर युरोपातच उतरतो. एकदा उचलला, एकदा ठेवला. आयमेकने गेला तर मुंबईला जहाजावर चढेल, अमिरातीत उतरेल, रेल्वेवर चढेल, सौदी आणि जॉर्डन पार करून इस्राएलच्या हैफा बंदरात उतरेल, तिथे पुन्हा जहाजावर चढेल आणि युरोपात पुन्हा उतरेल. सहा उचली. दर उचलीला पैसे, दर सीमेला कागद.

शिवाय एका गाडीत मावणार किती? २०२१ मध्ये सुएझमध्ये आडवं पडून सहा दिवस जगाचा व्यापार अडवणारं ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज २० हजारांच्या वर कंटेनर नेऊ शकतं. एका मालगाडीवर शंभर धरले तरी एका जहाजाच्या बरोबरीला दोनशे गाड्या लागतील. त्यात अमिरातीची रेल्वे तयार आहे, सौदीची बरीचशी आहे, पण जॉर्डनमधून हैफापर्यंत सलग धागा नाही. आणि घोषणेनंतर महिन्याच्या आत, ७ ऑक्टोबरला हमासने इस्राएलवर हल्ला केला, गाझात युद्ध पेटलं आणि सौदी-इस्राएल मैत्रीच्या ज्या पायावर ही रेघ काढली होती तो पायाच हलला.

म्हणून आयमेक थोतांड आहे, असं मी म्हणणार नाही. त्याच नोव्हेंबरपासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेचा वळसा धरला, दहा ते चौदा दिवस वाढले, भाडी काही पटींनी चढली. अशा वेळी महागडा का होईना, दुसरा रस्ता हाताशी असणं याला किंमत आहे. विजेची केबल, डेटाची केबल आणि हायड्रोजनची पाइपलाइन हेही आयमेकच्या करारात आहे, आणि मला त्यातल्या केबली रेल्वेच्या आधी पूर्ण होतील असं वाटतं. गंमत अशी की युरोपात शिरायला ग्रीसचं पिरियस बंदर सोयीचं, आणि त्याचा मालक कॉस्को. हैफात एका बंदराची मालकी अदानी समूहाकडे आहे, तर शेजारचा नवा धक्का शांघायची सरकारी कंपनी चालवते. चीनला टाळायला निघालेला रस्ता चीनच्याच दारात थांबू शकतो.

मग लहान देश नुसते बघे?

अजिबात नाहीत. जिबूतीचं पहा. लाल समुद्राच्या तोंडावरचा चिमुकला देश. त्याने अमेरिकेला तळ दिला, फ्रान्सला दिला, जपानला दिला आणि २०१७ पासून चीनलाही दिला. सगळ्यांकडून भाडं घेतो. तुर्कस्तानला आयमेकमधून वगळलं तेव्हा अध्यक्ष एर्दोआन यांनी आमच्याशिवाय कॉरिडॉर होणार नाही असं ठणकावलं आणि इराकमधून जाणारा स्वतःचा मार्ग पुढे केला. आफ्रिकेत चीनने १९७० च्या दशकात टांझानिया-झांबिया रेल्वे बांधून दिली. आता त्याच तांब्याच्या पट्ट्यातून माल पश्चिमेकडे, अंगोलाच्या लोबितो बंदरात नेण्यासाठी अमेरिका आणि युरोप पैसे लावत आहेत. झांबिया दोघांशीही बोलतो.

पण हा खेळ सगळ्यांना साधत नाही. २०२५ च्या सुरुवातीला ट्रम्प यांनी पनामा कालवा परत घेण्याची भाषा केली आणि पनामा काही आठवड्यांत बेल्ट अँड रोडमधून बाहेर पडला. त्यापेक्षा जास्त ताणायची पनामाची ऐपत नव्हती.

भारत स्वतः एकाच वेळी रशिया-इराणबरोबरच्या कॉरिडॉरमध्ये आहे आणि अमेरिका-युरोपबरोबरच्याही. याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. मला तो शहाणपणा वाटतो, कारण यातला कुठला रस्ता वीस वर्षांनी चालू असेल हे आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सोलापूरच्या खिशाशी याचा संबंध

थेट आहे. टॉवेलच्या किमतीत नफा मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, आणि युरोपचा ग्राहक सहा महिन्यांचा भाव आधी ठरवून घेतो. मध्येच लाल समुद्र बंद झाला की जहाज कंपनी युद्धजोखमीचा अधिभार लावते. डाळिंबाचं तर आणखी वाईट. थंड कंटेनरमध्ये असलं तरी फळ जिवंत असतं आणि वाढलेले दहा-चौदा दिवस त्याच्या टिकण्याच्या मुदतीतूनच कापले जातात.

पालघरचं वाढवण बंदर झालं तर मोठी जहाजं थेट लागतील, कोलंबो किंवा सिंगापूरला माल बदलण्याची पाळी कमी येईल, हा लाभ आयमेक होवो न होवो, आपल्याला मिळेल. तोपर्यंत निर्यातदाराच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे करारातला भाड्याचा रकाना. एफओबीवर विकलं तर जहाजावर माल चढला की पुढचं भाडं ग्राहकाचं. सीआयएफवर विकलं तर भाडं आणि विमा तुमच्या माथी, मग एडनच्या आखातात ड्रोन उडाला तरी बिल तुमच्याच टेबलावर येतं. सीआयएफच द्यावं लागत असेल तर भाडं ठरावीक मर्यादेपलीकडे चढल्यास फरक कोणी सोसायचा, ते एका ओळीत लिहून घ्या आणि ऑर्डरवर सही त्यानंतरच करा.